'फ्लेग्मॅटिक' : आगींतून निघालेला थंड शब्द

एखादा मनुष्य सहसा रागावत नाहीं, आनंदानें नाचत नाहीं, संकटांतहि त्याचा स्वर चढत नाहीं. अशाला इंग्रजींत 'फ्लेग्मॅटिक' म्हणतात. आपल्याकडे 'थंड', 'मंद' हे शब्द चटकन् तोंडीं येतात. आणि घरांत मृत्यु घडला असतां त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलें नाहीं, तर त्याला काळीजच नाहीं असें म्हणून लोक मोकळे होतात.

मौज अशी कीं, हा थंड शब्द जन्मला आगींत. ग्रीक भाषेंत 'फ्लेगेइन्' म्हणजे जळणें किंवा जाळणें, आणि 'फ्लेग्मा' म्हणजे ज्वाला. होमरच्या काव्यांत तो ह्याच अर्थानें येतो. पुढें अर्थ सरकत गेला : दाह, सूज, आणि मग दाहामुळें शरीरांत सांचणारा द्रव. हिपोक्रेटिसच्या परंपरेंतील वैद्यांनीं रक्त, कफ, पिवळें पित्त व काळें पित्त असे चार रस मानले. त्यांत कफ सर्वांत थंड, हिवाळ्यांत वाढणारा! ज्वालेचें नांव असें गारठ्याला मिळालें. संस्कृत 'भर्गस्', म्हणजे तेज, हा शब्दहि त्याच कुळांतला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हां गायत्रीमंत्रांतला भर्ग आणि इंग्रजांचा कफ हे दूरचे भाऊबंदच म्हणावयाचे.

आपल्या वैद्यकांतला 'श्लेष्मा' मात्र चिकटणें ह्या अर्थाच्या 'श्लिष्' धातूपासून निघाला, आणि त्याचा निवाडाहि निराळा. मध्ययुगीन युरोपीय वैद्यांनीं कफप्रधान माणसाला सुस्त ठरविलें; चरकसंहितेच्या विमानस्थानांत तींच माणसें बलवान्, ओजस्वी, शांत व दीर्घायुषी सांगितलीं आहेत. हा निवाडा अधिक न्यायाचा वाटतो.

१८५८ सालीं फिर्शोनें पेशींवर आधारलेलें रोगशास्त्र मांडलें, आणि युरोपांत चार रसांची उरलीसुरली सद्दी संपली. शब्द तेवढा राहिला.

ज्यूल व्हर्नच्या, १८७३ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या, ऐंशी दिवसांच्या जगप्रवासांतला फिलिअस फॉग हा ह्या शब्दाचा मूर्तिमंत नमुना. मुंबईस उतरूनहि शहर न पाहतां तो स्टेशनांत जेवावयास बसतो. सशाच्या नांवाखालीं पानांत मांजर वाढल्याचा संशय येतो, तरी आवाज न चढवितां, मारतांना ससा म्यांव म्हणाला कीं काय, एवढेंच तो मालकाला विचारतो. पुढें बुंदेलखंडांत एका तरुण विधवेला बळेंच सती नेत आहेत असें दिसतांच, पैजेंतले वांचलेले बारा तास तिच्यासाठीं खर्चावयास निघतो तोहि हाच. त्याला अंतःकरण आहे ह्याचा सोबत्याला अचंबा वाटतो. फॉग मात्र, सवड असली म्हणजे कधींकधीं असतें, अशा अर्थाचें उत्तर देऊन कामाला लागतो.