आपल्या मोटारीचें तेल, आपल्या हातानें



आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं बैलगाडी हांकणारा मनुष्य लांबच्या वाटेला निघण्यापूर्वीं गाडीच्या आंसाला स्वतः वंगण घालीत असे. त्याकरितां तो कोणाकडे जात नसे, आणि आपण कांहीं मोठें काम करीत आहों असेंहि त्यास वाटत नसे. चाक करकरूं लागलें म्हणजे आंस कोरडा पडला, हें त्याच्या कानास समजे. घरांतील स्त्रिया शिवणयंत्राला तेल देत, तेंहि याच सहजतेनें. आज शहरांतील पुष्कळ घरांच्या दारीं मोटार उभी आहे. पण तिच्या वंगणाची वार्ता मात्र घरांतून निघून गेली आहे. वर्षांतून एकदां गाडी गॅरेजमध्यें जाते, बिलावर 'इंजिन ऑइल' अशी एक ओळ येते, आणि आपण पैसे देऊन मोकळे होतों.

हें तेल बदलण्याचें काम निदान एकदां स्वतः करून पाहण्याजोगें आहे, असें मला आज सांगावयाचें आहे. परंतु त्याबरोबरच आणखीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. जो मनुष्य हें काम हातीं घेतो तो केवळ एक-दोन बोल्ट सोडवीत नाहीं. आजवर गॅरेजवाला आपल्या वतीनें वाहत असलेली जबाबदारी तो आपल्या शिरावर घेतो. या जबाबदारीचे भाग तीन : योग्य तेल निवडणें, गाडीखालीं सुरक्षित राहणें, आणि काढलेल्या तेलाची नीट विल्हेवाट लावणें. यांपैकीं तिसरा भाग बहुतेकांच्या ध्यानांत सर्वांत शेवटीं येतो. खरें पाहतां तो सर्वांत आधीं यावयास हवा.

प्रथम हें तेल करतें तरी काय, तें पाहूं. इंजिनाच्या पोटांत धातूचे भाग मिनिटास दोन-तीन हजार फेरे घेत असतात. त्यांच्यामध्यें तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, तोच धातूला धातूवर घांसूं देत नाहीं. शिवाय तेल उष्णता वाहून नेतें, पिस्टन व सिलिंडर यांमधील बारीक फट भरून काढण्यास साहाय्य करतें, गंज धरूं देत नाहीं, आणि इंधन जळतांना उत्पन्न होणारी काजळी आपल्या अंगावर घेतें. म्हणूनच थोड्या दिवसांत तें काळें दिसूं लागतें. काळें तेल म्हणजे बिघडलेलें तेल, असा जो सर्वसाधारण समज आहे तो बरोबर नाहीं. काजळी धरून ठेवणारीं व ती भागांवर बसूं न देणारीं द्रव्यें तेलांत मुद्दाम मिसळलेलीं असतात. तेव्हां तेल काळें पडलें याचा अर्थ बहुधा इतकाच कीं, तें आपलें काम करीत आहे.

तेल बदलावयाचें तें रंग पाहून नव्हे, तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत दिलेल्या अंतरावरून आणि मुदतीवरून. आपल्याकडील पुष्कळशा पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तें, अशी मर्यादा असते. "आमची गाडी वर्षांत फारशी चाललीच नाहीं," असें म्हणून हें काम पुढें ढकलणारे गृहस्थ आढळतात. पण मंडईपर्यंत जाऊन परत येणारी गाडी पुरती तापतच नाहीं. अशा वेळीं पाण्याची वाफ व न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें आणि तें उडून जाण्यास अवसर मिळत नाहीं. थोडी चालणारी गाडीहि तेलाच्या बाबतींत निष्काळजीपणा सहन करीत नाहीं, तो यामुळें.

आतां तेलाच्या निवडीविषयीं. १९०९ सालीं इंग्लंडांतील वेकफील्ड कंपनीनें आपल्या तेलांत एरंडेल मिसळलें, आणि एरंडाच्या इंग्रजी नांवावरून 'कॅस्ट्रॉल' हें नांव प्रचारांत आलें. म्हणजे आपल्या घरीं औषधाच्या कपाटांत असणारें एरंडेल एके काळीं मोटारीच्या इंजिनांतहि वावरत होतें! पुढें तेलांचे प्रकार वाढले. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या एस्. ए. ई. या संस्थेनें १९११ सालीं तेलाच्या दाटपणाची प्रतवारी सुरू केली. डब्यावर '५ डब्ल्यू-३०' किंवा '० डब्ल्यू-२०' असें जें छापलेलें असतें, तें या प्रतवारीचेंच आजचें रूप होय. 'डब्ल्यू' हें अक्षर हिवाळ्याच्या 'विंटर' या इंग्रजी शब्दाचें. त्याच्या आधींचा आंकडा थंडींत तेल कितपत सुलभतेनें वाहतें तें सांगतो, आणि नंतरचा आंकडा इंजिन तापल्यावर तें किती दाट राहतें तें सांगतो. आपल्याकडील उन्हाळा कडक, म्हणून तेल जितकें दाट तितकें बरें, असा तर्क लढवूं नये. आजच्या इंजिनांतील फटी अतिशय बारीक असतात, आणि कारखानदारानें तेल ठरविलें असतें तें त्या फटींच्या हिशेबानें. पुस्तिकेंत लिहिलेली प्रत व लिहिलेलें माप हेंच प्रमाण मानावें. लहान पेट्रोल गाडीला साधारणतः तीन लिटरांच्या आसपास तेल लागतें. गाडीची हमी अद्याप चालू असेल, तर तिच्या अटी आधीं वाचाव्या, आणि तेलाची व फिल्टरची पावती जपून ठेवावी.

तयारी फार नाहीं. बोल्टाच्या मापाचा पाना, नवा फिल्टर, बोल्टाखालीं बसणारा नवा वायसर, नरसाळें, चिंध्या, हातमोजे, आणि तेल धरण्यास चार-पांच लिटर मावतील असें पसरट घमेलें, इतकें साहित्य पुरें. मात्र घमेल्याबरोबरच घट्ट झांकणाचा एक रिकामा डबा ठेवावा. तो कशासाठीं, तें पुढें सांगतों.

यापुढील गोष्ट मी आपणांस अगदीं गंभीरपणें सांगत आहें. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा चाक बदलण्यापुरताच असतो. त्यावर उचललेल्या गाडीखालीं शरीराचा कोणताहि भाग नेऊं नये, क्षणभरहि नेऊं नये. लहानशा मोटारीचें वजनहि आठ-नऊशें किलो असतें. जॅक घसरला तर सावध होण्यास वेळ मिळत नाहीं. गाडी भक्कम पोलादी रॅम्पवर चढवावी, किंवा उचलल्यावर कारखानदारानें दाखविलेल्या जागीं वजन पेलणारे स्टँड लावावे. जमीन सपाट व कठीण असावी. मातींत किंवा उन्हानें मऊ झालेल्या डांबरावर हें करूं नये. हातब्रेक ओढावा, जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे लावावे, मुलांना दूर ठेवावें आणि घरांतील एका मोठ्या माणसास जवळ बसवावें. विटांच्या चळतीवर गाडी टेकविण्याचा मोह कित्येकांना होतो. वीट अचानक फुटते. तिच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. रॅम्प किंवा स्टँड यांपैकीं कांहींच जवळ नसेल, तर हें काम गॅरेजवाल्यास सांगावें, हेंच शहाणपण.

इंजिन चार-पांच मिनिटें चालवून बंद करावें. कोमट तेल लवकर आणि पुरतें उतरतें. कढत तेल मात्र हात भाजतें. वरचें भरण्याचें झांकण सैल करावें, म्हणजे हवा आंत जाऊन धार सरळ पडते. खालीं इंजिनाच्या तळाशीं तेलाची जी टांकी असते, तिला गॅरेजांतील मंडळी 'चेंबर' म्हणतात. तिचा बोल्ट शोधावा. येथें नवख्या माणसाची एक फसगत होते : जवळच गिअरपेटीचाहि बोल्ट असतो, आणि तो सोडला तर भलतेंच तेल वाहून जातें. म्हणून पुस्तिकेंतील आकृतीशीं ताडून पाहिल्याशिवाय पाना लावूं नये. खालून बोल्टाकडे समोर पाहिलें असतां तो घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें सुटतो. शेवटचे फेरे बोटांनीं द्यावे, आणि बोल्ट आंत दाबून धरून एकदम बाजूस घ्यावा. पहिली धार सरळ खालीं न पडतां थोडी पुढें झेंपावते, म्हणून घमेलें त्या बेतानें ठेवावें.

धार थांबून थेंब पडूं लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटें जाऊं द्यावीं. मग बोल्ट पुसून, नवा वायसर घालून परत बसवावा. प्रथम तो बोटांनींच फिरवावा. आटे जुळले नसतील तर तो लगेच अडतो. त्या वेळीं बळ करूं नये. पुष्कळशा गाड्यांची चेंबर ॲल्युमिनियमची असते आणि तिचे आटे एकदां गेले म्हणजे वाचलेल्या पैशांहून कितीतरी अधिक खर्च येतो. बोल्ट किती आवळावा याचा आंकडा पुस्तिकेंत वा दुरुस्तीच्या ग्रंथांत मिळतो, आणि तेवढेंच बळ मोजून लावणारा टॉर्क-पाना बाजारांत मिळतो.

यानंतर फिल्टर. आरंभींच्या मोटारींना तो नसेच. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड यानें आपल्या गाळणीला 'प्युरोलेटर' असें नांव दिलें, आणि तेथून तेल गाळून वापरण्याची पद्धत रूढ होत गेली. आजच्या बहुतेक लहान गाड्यांचा फिल्टर डब्यासारखा असून तो फिरवून काढतां येतो. जुना फिल्टर काढल्यावर त्याचें रबरी कडें इंजिनाला चिकटून राहिलें नाहीं ना, हें बोट फिरवून पाहावें. तें राहिलें आणि त्यावरच नवें कडें बसलें, तर इंजिन सुरू होतांच दाबाखालीं तेल बाहेर फेंकलें जातें. नव्या कड्याला बोटानें थोडें नवें तेल लावावें, आणि फिल्टर हातानें, त्यावर छापलेल्या सूचनेइतकाच, आवळावा.

आतां तेल भरावें. पण सांगितलेल्या मापापेक्षां थोडें कमीच. मग इंजिन सुरू करावें. समोरील तेलाचा तांबडा दिवा कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावें. एक-दोन मिनिटांनीं इंजिन थांबवून बोल्ट व फिल्टर यांपाशीं गळती दिसते काय, तें वाकून पाहावें. गाडी सपाट जागीं आणून थोड्या वेळानें तेलाची पट्टी पुसून पुन्हां बुडवावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान, वरच्या खुणेच्या जवळ असावें, पण तिच्या वर नसावें. अधिक तेल म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे. फिरणाऱ्या दांड्यानें तें घुसळलें जाऊन त्याला फेंस येतो, आणि फेंसाला वंगणाचें काम करतां येत नाहीं. शेवटीं दिनांक व किलोमीटरचा आंकडा वहींत टिपून ठेवावा.

बहुतेक जण येथें काम संपलें असें समजतात. पण घमेल्यांतील तीन लिटर काळें तेल अद्याप आपल्यापुढें आहे, आणि आपल्या जबाबदारीचा खरा कस तेथेंच लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेनें असें सांगितलें आहे कीं, एका वेळीं बदललेलें तेल दहा लक्ष गॅलन, म्हणजे सुमारें ३८ लक्ष लिटर, गोडें पाणी दूषित करूं शकतें. पन्नास माणसांना वर्षभर पुरेल इतकें तें पाणी. आपल्या इमारतीच्या आवारांतील पावसाळी गटार कोठें जातें, याचा विचार करा. पुण्यांत तें मुळा-मुठेला मिळतें, मुंबईंत नाल्यावाटे खाडीला वा समुद्राला. त्या गटारांत ओतलेलें तेल कोणी मध्यें गाळून काढीत नाहीं. वापरलेलें तेल वारंवार अंगाला लागणें हें कातडीलाहि घातक आहे, आणि त्यापासून कर्करोगाचें भय असतें; हातमोजे वापरावयाचे ते याकरितां.

"वाळवी लागूं नये म्हणून लांकडाला लावतों," "बांधकामावर फळ्यांना लावण्यास देऊन टाकतों," असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मनांत कांहीं वाया जाऊं नये असा काटकसरीचा हेतु असतो. परंतु त्यामुळें तेल नाहींसें होत नाहीं, तें मातींत जातें. आपल्या देशांत २०१६ च्या नियमांनीं वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणलें आहे. २०२३ सालीं त्या नियमांत भर घालण्यांत आली, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनःशुद्धीचें दायित्व टाकण्यांत आलें. आणि ही शुद्धि खरोखर शक्य आहे. तेल झिजून संपत नाहीं. तें मळतें, आणि त्यांत मिसळलेलीं द्रव्यें खर्ची पडतात. नोंदणी झालेल्या कारखान्यांत तें शुद्ध करून पुन्हां वंगणाच्या उपयोगीं आणतां येतें. मात्र त्यांत पाणी, रॉकेल किंवा दुसरें कांहीं मिसळलेलें नसावें.

म्हणून तो झांकणाचा डबा. तेल त्यांत ओतावें, फिल्टर रात्रभर उलटा ठेवून त्यांतील तेलहि निथळून घ्यावें, आणि नोंदणीकृत कारखान्याकडे तेल पाठविणाऱ्या एखाद्या मोठ्या गॅरेजकडे दोन्ही पोंचवावीं. कित्येक गॅरेजवाले बाहेरचें तेल घेण्यास नाखूष असतात. यासाठींच माझें सांगणें असें कीं, नवें तेल विकत घेण्यापूर्वीं जुन्या तेलाची सोय विचारून ठेवावी. ती सोय होत नसेल, तर त्या वेळीं बोल्टाला हात लावूं नये.

मग एवढी यातायात कशासाठीं? पैसे थोडे वांचतात, हें खरें. पण तेवढ्यासाठीं मी हें सांगितलें नसतें. विजेवर चालणाऱ्या मोटारींना इंजिनच नसतें, तेव्हां कांहीं वर्षांनीं हें काम आपल्या मुलांना करावेंहि लागणार नाहीं. परंतु ज्या वस्तूवर आपण आपल्या कुटुंबाचा जीव सोंपवितों, तिचें निदान एक अंग तरी आपल्या ओळखीचें असावें. एकदां हें काम केलेला मनुष्य पुढें गॅरेजमध्यें गेला तरी पूर्वीसारखा मुका उभा राहत नाहीं. कोणत्या प्रतीचें तेल घातलें, फिल्टर व वायसर नवे बसविले काय, आणि काढलेलें तेल कोठें जातें, हे प्रश्न तो नम्रपणें पण निश्चयानें विचारतो. पहिल्या दोन प्रश्नांनीं त्याच्या गाडीचें भलें होतें. तिसऱ्यानें त्याच्या शेजाऱ्यांचें. ते तीन प्रश्न आपण पुढच्या खेपेस अवश्य विचारावे, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.