रेडिओवर चालणाऱ्या गाडीची निगा



आकाशवाणीप्रमाणेच रेडिओलहरींवर चालणारी मुलांची गाडी धुळीने माखून आली, तर नळाखाली धरू नका. आधी बॅटरी काढा. मग कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडा. आसाला गुरफटलेले केस-दोरे चिमट्याने ओढून काढा. त्यांनी चाक जड होते नि आतली मोटर तापते. बेअरिंगला तेलाचा एक थेंब पुरे; जास्त झाले की धूळ धरते.

लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली, तर पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. ती पेट घेऊ शकते. बॅटरीचे काम मोठ्यांनीच पाहावे. सुरू करताना आधी हातातला ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. क्रम चुकला, तर गाडी कुणाच्या पायावर धावेल, नेम नाही.

पुसापुशी मात्र मुलांनाच करू द्या. बैल धुणाऱ्यालाच बैल कळतो ना?