तिला खायला द्या
(पुणे येथे वसतिगृहाच्या पाठीराख्यांच्या सभेत केलेले भाषण)



1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि त्यांना आसरा दिला. तेव्हा धान्यच नव्हते. आज आपल्या देणग्यांमुळे पाड्यांवरून पुण्यात शिकायला आलेल्या मुलींच्या ताटात भाकरी, डाळ, भाजी असते. तरीही एखादी ताट बाजूला सारते. आपण म्हणतो, "हट्टी आहे," किंवा "ही श्रीमंतांची थेरं." पण तो आजार असू शकतो. वजन वाढेल या भीतीने जेवण तोडणे म्हणजे अॅनोरेक्सिया. भराभर खूप खाऊन गुपचूप ओकणे म्हणजे बुलिमिया. मुलग्यांनाही हे होते.

1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांनी प्रयोगासाठी 24 आठवडे अर्धपोटी राहणे पत्करले. त्यांतले पुष्कळ जण युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे होते. हे धडधाकट तरुण उदास व चिडखोर झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. म्हणजे उपासमार मनालाही आजारी करते. म्हणून अशा मुलीला नुसता उपदेश पुरत नाही. अन्न हेच पहिले औषध.

वजन घटणे, पाळी थांबणे, चक्कर, सतत थंडी वाजणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, अशा खुणा दिसल्या तर तिला डॉक्टरांकडे न्या. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न देणे धोक्याचे असते. किती व कसे वाढवायचे ते डॉक्टरच ठरवतील. मानसोपचारही लागतात. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात पुढे आलेल्या पद्धतीत काय व किती वाढायचे हे आईवडील ठरवतात आणि न रागावता शेजारी बसून मुलीला जेवू घालतात. वसतिगृहात आईबाप जवळ नसतात. ती जागा आपल्या बाईंनी घ्यायची, आणि आईबापांनाही बोलावून सोबत घ्यायचे. सल्ल्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आणखी एक विनंती. उपवासकाळात एखादी मुलगी सारखी उपाशी राहत असेल, तर भक्ती समजून तिचे कौतुक करू नका. जवळ बसून विचारा. "जाड झालीस," "वाळलीस" ही थट्टाही बंद करा.

याइराची मुलगी बारा वर्षांची होती. प्रभूने तिला उठवले आणि लगेच तिला खायला द्यायला सांगितले. उठवणे त्याने केले. वाढण्याचे काम घरच्यांवर सोपवले. या मुलींचे घरचे आता आपण आहोत.