बार्शीचा शाहीर

आपल्या धाराशिव जिल्ह्याची हद्द ओलांडली की बार्शी लागते. पूर्वी इकडे निजामाचं राज्य होतं, तिकडे इंग्रजांचं. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल जन्मला. घरची गरिबी. पोरानं मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगातही गेला. पुढे महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं ते शाहीर अमर शेख म्हणून.

मला विचाराल तर त्यांची खरी शाळा म्हणजे आई मुनेरबीचं जातं. त्या माउलीच्या तोंडी ओव्या होत्या, आणि त्या मराठी होत्या. हे मुद्दाम सांगतो. मी मराठीत कविता लिहितो. व्यासपीठावरून उतरलो की कुणीतरी कौतुकानं म्हणतंच, ‘मुसलमान असून तुमचं मराठी किती छान!’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. मी हसतो आणि मुनेरबींची गोष्ट सांगतो. जात्यानं कधी बाईला धर्म विचारला नाही. जी दळायला बसली, तिला ओवी आली.

अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक गाजवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेखांचा पहाडी आवाज लागला की मैदान गोळा होई. रशियाचा गायक शाल्यापिन असाच काझानच्या गरीब घरातला, लहानपणी चांभाराकडे उमेदवारी केलेला. पण तो ऑपेराचा राजा झाला, त्याचा गळा तबकड्यांत जपला गेला. शाहिराचा गळा मैदानाचा! समोर माणसं नसतील तर तबकडीत त्यातलं किती उतरणार?

माझी एक तक्रार मात्र आहे. आवाजाचं कौतुक इतकं झालं, की त्यामागचा कवी झाकला गेला. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह आज किती जणांनी पाहिलेत?

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. पुरता दीड महिनाही झाला नव्हता, तोच २९ ऑगस्टला अपघातानं अमर शेखांना नेलं. कन्या मलिका अमर शेख यांनी कवितेत स्वतःची वेगळी वाट काढली. मुंबई विद्यापीठात शाहिरांच्या नावाचं अध्यासनही निघालं. पण तुम्ही आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन ते दोन संग्रह मागा. नसतील तर मागणी नोंदवा. आणि मिळाले तर मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचायची ती कविता नव्हे.