हात सुटले तर फुगडी कसली?

आज थोडं घरातलं सांगते आणि त्याच्या आडून थोडं संगणकातलं.

यंदा श्रावणात सासूबाई इथे अमेरिकेत आमच्याकडे होत्या. गुडघे दुखरे, पण मंगळागौरीला फुगडी म्हटल्यावर पदर खोचून उभ्या राहिल्या. माझी लेक नववीत आहे, तिला ॲनिमेशनचं वेड. तिनं आम्हा सासू-सुनेची फुगडी फोनवर घेतली. व्हिडिओतून माणसाची हालचाल उचलून संगणकातल्या बाहुलीला द्यायची सोय हल्ली घरबसल्या मिळते. तिनं आजीची हालचाल एका बाहुलीला दिली, माझी दुसरीला. मोठं डोकं, आखूड हात, बुटके पाय, कार्टूनमध्ये असतात तशा बाहुल्या.

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना दाखवलं. बाहुल्या गरगर फिरत होत्या, पण दोघींच्या हातांत वीतभर अंतर! पाय तर बर्फावर असल्यासारखे घसरत होते. आम्ही पोट धरून हसलो. सासूबाई काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, हात सुटले तर फुगडी कसली? दोघी उताण्या पडतील की!"

असं का झालं? संगणकात हालचाल म्हणजे मुख्यतः कोनांची नोंद. खांदा किती वळला, कोपर किती दुमडलं, गुडघा किती वाकला, हे सेकंदाला तीसेक वेळा टिपलेलं. शिवाय कंबर खोलीत कुठे होती, ते. हात कोणाच्या हातात होता, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

तुम्ही आत्ता गाडी चालवत नसाल, तर नमस्कार करून बघा. तळवे जुळले? आता तुमच्या खांद्याचे आणि कोपराचे तेच कोन रुंद खांद्यांच्या, आखूड हातांच्या पैलवानाला द्या. त्याचे तळवे जुळणारच नाहीत. अरुंद खांद्यांच्या, लांब हातांच्या माणसाला द्या, तर तळवे एकमेकांतून आरपार. कोन सगळे बरोबर आणि नमस्कार चुकलेला! पाय घसरतात तेही असंच. कंबर आजीच्या पावलाच्या मापानं सरकते आणि बाहुलीचा आखूड पाय तेवढा पुरत नाही.

पेन्सिलीच्या काळात ही अडचण चित्रकाराच्या हातातच सुटायची. डिस्नेचा 1973 चा 'रॉबिन हूड' आठवतो? त्यातली मेड मॅरियन ही कोल्हीण जंगलातल्या नाचात 1937 च्या 'स्नो व्हाइट'मधल्या राजकन्येची पावलं टाकते. जुन्या रेखाटनांवरून नवी काढलेली. कुठे जुळवून घ्यायचं, हे काढणाऱ्याला दिसत होतं. संगणकाला ते कोणीतरी सांगावं लागतं.

ते नीट सांगायची एक पद्धत मायकल ग्लायकर यांनी 1998 मध्ये सिग्राफ या परिषदेत मांडली. ते पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं, की आधी हालचालीत काय मोडायचं नाही ते ठरवा. हे पाऊल इतका वेळ जमिनीवर, हा हात या खोक्यावर. मग बाकीचं, मूळ हालचालीच्या जमेल तितकं जवळ राहून, बदलू द्या. आणि एकेक चित्र सुटं दुरुस्त करू नका, नाहीतर झटके बसतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंतची हालचाल एकदम सोडवा. त्यांच्या चित्रात लहानमोठी पात्रं एकच वस्तू उचलतात, आणि कोणी कुठे उभं राहायचं ते ती वस्तू ठरवते. मर्यादा एवढीच, की सांधे दोघांचे सारखे हवेत, फक्त लांबी वेगळी.

पुढे यंत्रांना उदाहरणांवरून शिकवायचे दिवस आले. 2021 मध्ये रुबेन व्हियेगास आणि अडोबीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराचे स्वतःशीच होणारे स्पर्श आणि जमिनीवरची पावलं टिकवणारी पद्धत दाखवली. म्हणजे नमस्कार जमायला हरकत नाही. फुगडीत मात्र दोन देह आहेत, आणि एकीचं वजन दुसरीनं तोललेलं.

लेकीनं मग हातानंच केलं. दोघींचे हात एकमेकींत अडकवले, पावलं जमिनीला खिळवली. हात आखूड, म्हणून बाहुल्यांना जवळ आणावं लागलं आणि मागचा झोक थोडा कमी झाला. सासूबाईंनी पाहिलं. "आता बरं," म्हणाल्या.

पण खरी कुरबूर त्यानंतर झाली. आजीचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून त्या डावीकडे किंचित कलून फिरतात. ते कलणंही बाहुलीत आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हे काढून टाक गं. तिला कुठे आहे माझा गुडघा?" लेक म्हणाली, "आजी, मग ती तू नाहीस ना!"

आता यातलं काय हालचालीचं आणि काय देहाचं, हे कुठलं गणित सांगणार? मला विचाराल तर मी लेकीच्या बाजूची आहे. पण फुगडी सासूबाईंची, आणि त्यांना स्वतःला जशी आठवते तशी ती असावी, हेही काही चूक नाही.

सध्या दोन फाइली आहेत. एकीचं नाव 'आजी', दुसरीचं 'आजी लग्नाआधी'. सासूबाई पुण्याला परत गेल्या. रविवारी फोन आला की दुसरीच मागतात, आणि बघता बघता विचारतात, "हात धरलेत ना गं नीट?"