आधी वर्ग ठरवा, मग पदवी

(युवा शिबिरातील भाषण)



मी शिक्षक नाही. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. तरी शिक्षक कसं व्हायचं यावर बोलायला उभा आहे, कारण आमच्या घरात ही वाट दोघांनी चुकवली.

धाकट्या बहिणीला पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचं होतं. बी.एस्सी. झाल्यावर 2021 मध्ये आम्ही तिला बी.एड.ला घातलं. तेव्हा ते चूक नव्हतं. 2018 च्या एनसीटीईच्या अधिसूचनेनुसार बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीला शिकवता येणार होतं, नंतर फक्त सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा होता. तिचं बी.एड. संपलं आणि 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते बी.एड.मध्ये मिळत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मला ते पटतं. बहिणीला अजून पटलेलं नाही.

म्हणून आधी वर्ग ठरवा. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीला 50 टक्के आणि दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. सहावी ते आठवीला पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. यांपैकी काहीही चालतं. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. बारावीनंतर थेट चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे. त्यात एक वर्ष वाचतं.

आता माझी चूक. लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या पोरांना गणित शिकवलं आणि वाटलं, हेच करावं. बी.एड.च्या प्रवेशाला बी.ए., बी.एस्सी.वाल्यांना 50 टक्के लागतात, इंजिनिअरला 55. माझे 53. मागास प्रवर्गाला सवलत असते आणि आम्ही बागवान, ओबीसीच्या यादीत आहोत. पण घरात कुणी दाखलाच काढला नव्हता. अब्बा म्हणायचे, "आपल्यात कुठे आली जात?" बरोबर आहे त्यांचं. पण यादी सरकारची आहे आणि खिडकीवर दाखलाच मागतात. अत्तार, तांबोळी, मोमीन घरातल्यांनी आजच कपाट उघडून बघा.

तेवढ्यात एक एजंट भेटला. "हजेरीची काळजी नको, फक्त परीक्षेला या." नोकरी सांभाळून बी.एड.! मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. ते न करता मी वर्गात उभा राहिलो असतो तर पोरांनी पहिल्याच तासाला ओळखलं असतं. दूरस्थ बी.एड. आहे, पण ते आधीच शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी.

पदवी झाली तरी पहिली ते आठवीसाठी टीईटी लागते. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. प्रत्येकी 150 गुण, खुल्या प्रवर्गाला 90 हवेत. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. "आपल्या समाजाच्या संस्थेत टीईटी विचारत नाहीत," असं सांगणारे काका प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्यावर विसंबू नका. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. तो निकाल कसाही लागो, हातात प्रमाणपत्र असेल तर आपलं काही अडत नाही.

टीईटी वेगळी आणि टेट वेगळी, हेही लक्षात ठेवा. टीईटी ही पात्रता. टेट ही 200 गुणांची अभियोग्यता चाचणी. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेची भरती होते. आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मुलींनो, मुस्लिम शिक्षिका म्हणजे उर्दू शाळा, हे डोक्यातून काढा. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळाही तुमच्याच आहेत.

बहीण आता पेपर दोनची तयारी करतेय, सहावी ते आठवीसाठी. पहिलीच्या पोरांचा विषय निघाला की गप्प होते. मी गणितात एम.एस्सी. करतोय, पदव्युत्तरला 50 टक्के मिळाले की तिकडून दार उघडतं.

चहानंतर मी मागच्या बाकावर बसतो. गुणपत्रिका आणल्या असतील तर घेऊन या.