पुढारी कोणाचा म्हणावा?

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या नारायणगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चालक मंडळींनी आम्हांस विषय दिला तो 'राजकीय पुढारी आणि स्फूर्ती' हा. तो ऐकताच पुष्कळांच्या मनात पहिला प्रश्न आला असेल तो असा की, आपल्या ज्ञातीतील किती जण पुढारी झाले? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तूर्त आम्ही तो बाजूस ठेवतो. त्याकडे शेवटी वळू.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. कृतज्ञता निराळी आणि स्फूर्ती निराळी. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली आणि जिराईत रानांत ऊस, द्राक्षे व टोमॅटो उभे राहिले. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी खटपट केली त्यांचे आपण ऋणी आहोत, आणि राहिलेच पाहिजे. पण ज्याने रस्ता करून दिला त्याचे आभार मानून आपण त्याच रस्त्याने घरी येतो आणि पूर्वी होतो तसेच राहतो. स्फूर्ती देणारा पुरुष आपणांस तसे राहू देत नाही. त्याचे स्मरण झाले की लबाडीच्या कामाला हात धजत नाही.

ही स्फूर्ती कशातून येते? वक्तृत्वातून म्हणावे, तर सभा संपली की टाळ्याही संपतात. आपले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच सुपारी द्यावयास येतात. वगातला राजा रात्री मुकुट चढवतो आणि पहाटे रंग पुसतो. त्यात लबाडी नाही; तो कलावंताचा धर्मच आहे. पुढाऱ्याचा रात्रीचा आणि पहाटेचा चेहरा मात्र एकच असावा लागतो. तो एक आहे की नाही, याची आमची कसोटी साधी आहे: जे आपले नव्हेत त्यांच्यासाठी, आपल्या माणसांचा रोष पत्करून, या माणसाने काय केले?

या कसोटीस उतरणारे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. येथून काही कोसांवरच्या जुन्नरात १२ नोव्हेंबर १९०४ रोजी श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांस 'एसेम' म्हणून ओळखतो. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास राहिले.

१९२९ साली पुण्यास पर्वतीचा सत्याग्रह झाला. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांस देवदर्शनाचा हक्क मिळावा, ही मागणी होती. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या बरोबरीने पंचविशीही न गाठलेले एसेम त्यात उतरले. सत्याग्रहींवर दगड आले, आणि मंदिर त्या वेळी उघडले नाही. येथे क्षणभर थांबून विचार करावा. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या तरुणास ते दार बंद नव्हते. पायऱ्या चढून, घंटा वाजवून, दर्शन घेऊन त्यास सुखाने परतता आले असते. ज्या दारातून आपणांस आत जाता येते, त्या दारापुढे, ज्यांना जाता येत नाही त्यांच्या रांगेत तो उभा राहिला. सारे चरित्र विसरले तरी एवढे एक दृश्य मनात ठेवावे.

पुढे तुरुंगवास, बेचाळीसच्या चळवळीतील भूमिगत जीवन, राष्ट्र सेवा दलाची उभारणी, हे सर्व ओघाने आले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हा कॉम्रेड डांगे अध्यक्ष आणि एसेम सरचिटणीस झाले. एकमेकांशी न पटणारे पक्ष एका मांडवाखाली नांदवणे किती कठीण, हे ज्ञातिसंस्था चालवणाऱ्यांस आम्ही काय सांगावे! गोळीबारांत माणसे पडली होती आणि लोक संतप्त होते. तरीही ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणास आले, त्या वेळी समितीने केलेली प्रचंड निदर्शने शांततेत पार पडली. क्षोभ भडकावणे सोपे असते. त्याला शिस्तीत उभे करण्यास अनेकांचा संयम लागतो, आणि तो संयम पुढाऱ्यांस आधी स्वतःत आणावा लागतो. १ मे १९६० रोजी राज्य आले. त्या राज्यात मंत्रिपद एसेम यांनी कधीच भूषविले नाही.

आता त्यांच्या उतारवयाकडे पाहावे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्या जळाल्या. त्र्याहत्तर वर्षांचे एसेम नामांतराच्या बाजूने ठाम उभे राहिले. ज्या लोकांनी एके काळी त्यांचा जयजयकार केला होता, त्यांच्यापैकी अनेकांचा रोष त्यांनी पत्करला. १ एप्रिल १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. पर्वतीपासून नामांतरापर्यंत सुमारे अर्धे शतक लोटले, दारे बदलली, उभे राहण्याची जागा मात्र तीच राहिली. पंचविशीत पुष्कळ जण शूर असतात. सत्तरीनंतरही जो तेथेच सापडतो, त्याच्यापासून स्फूर्ती मिळते.

आता बाजूस ठेवलेल्या प्रश्नाकडे वळू. आमचा पुढारी कोण? प्रत्येक ज्ञातीने आपापले पुढारी मोजावयाचे ठरवले, तर एसेम कोणाच्या पदरात पडतील? पर्वतीच्या वेळी त्यांच्याच जातीतील कित्येकांस ते परके वाटले. ज्यांच्यासाठी ते उभे राहिले, त्यांच्या जातीत ते जन्मले नव्हते. मोजणीच्या त्या वहीत अशा पुरुषास पानच नाही. मग चूक पुरुषाची की वहीची?

ज्ञातिसंस्था नकोत, असे आमचे म्हणणे नाही. गरीब विद्यार्थ्यास पुस्तके आणि विधवा भगिनीस आधार देणारी संस्था आम्हांसही प्रिय आहे. आमची विनंती एवढीच आहे. दर वर्षी आपण निवडून आलेल्यांचा आणि परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचा सत्कार करतो. पुढील वर्षापासून एक शाल व एक नारळ राखून ठेवावा: आपल्या ज्ञातीतील अशा व्यक्तीसाठी, जिने दुसऱ्या ज्ञातीच्या माणसास न्याय मिळावा म्हणून स्वतः झळ सोसली. तिचे नाव स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावे. एखाद्या वर्षी असे नाव सापडले नाही, तर ते पान कोरे सोडावे, जाहिरातीसही देऊ नये. ते कोरे पान आपल्या मुलांनी पाहावे आणि ते कोरे का, असे आपणांस विचारावे.